साडेएकोणपन्नास सेकंद

माझ्या टेबलाच्या खणात ॲल्युमिनियमची एक पोकळ नळी आहे. एक वीत आणि वर चार बोटं लांब, दोन्ही टोकं कानशीनं घासून बोथट केलेली. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात नळाच्या सामानाचं एक दुकान होतं, तिथून एका लांब पाइपाचे चार तुकडे मी कापून आणले होते. शाळेत मुलींचा ४ गुणिले १०० मीटर रिलेचा संघ पहिल्यांदाच उभा करायचा होता आणि बॅटन आणायला पैसे मंजूर झाले नव्हते. मुलींच्या वाट्याला तेव्हा दोरीच्या उड्या आणि रिंग एवढंच यायचं. खेळाचा तास कधी शिवणाला जायचा, कधी परीक्षेच्या तयारीला. म्हणून पदरमोड केली. नियमाप्रमाणे बॅटन २८ ते ३० सेंटिमीटर लांब आणि किमान ५० ग्रॅम वजनाची लागते. माझी नळी वाण्याच्या तराजूत टाकली तेव्हा ५० ग्रॅमच्या थोडी वर भरली, आणि मला केवढा आनंद झाला होता!

त्या नळीनं मी कित्येक वर्षं मुलींना एकच गोष्ट शिकवली. मागून येणारी मुलगी पूर्ण वेगात असते. पुढची तिची वाट बघत नुसती उभी राहिली तर दोघी एकमेकींवर आदळतात. म्हणून पुढचीनं मागे काही पावलांवर जमिनीवर खूण करून ठेवायची. मागची त्या खुणेवर पोचली, की मान पुढे वळवायची आणि जीव खाऊन पळत सुटायचं. मागून ‘हात!’ अशी हाक आली, की तळवा मागे न्यायचा आणि तो जराही हलू द्यायचा नाही. नळी तळव्यावर बसली की मूठ वळायची. पळत सुटल्यावर पुढची मुलगी एकदाही मागे बघत नाही. पहिल्या आठवड्यात नळी सारखी खाली पडते, बोटांना लागते, मुली एकमेकींवर चिडतात, रडतात. तिसऱ्या आठवड्यात आवाज बदलतो. तळव्यावर नळी बसल्याचा ‘टप्’ असा बारीक आवाज येतो. मी पाठमोरी असले तरी त्या आवाजावरून मला कळायचं, की बदल साधला.

एकदा सराव आटपून आम्ही शेंगदाणे खात बसलो होतो. एका मुलीनं विचारलं, “बाई, आपल्या देशाच्या मुली रिले पहिल्यांदा कधी जिंकल्या?” मी तिला सेऊल सांगितलं. १९८६चे आशियाई खेळ, ४ गुणिले ४०० मीटर, पी. टी. उषा, शायनी अब्राहम, एम. डी. वल्सम्मा आणि वंदना राव. मुलींनी टाळ्या वाजवल्या. मी मात्र घरी येईपर्यंत अस्वस्थ होते, कारण उत्तर देताना मी ‘पहिल्यांदा’ या शब्दाची खात्री केली नव्हती. शोधायला बसले तेव्हा कळलं, की माझं उत्तर बत्तीस वर्षांनी चुकलं होतं.

मे १९५४. मनिला शहरातलं रिझाल मेमोरियल स्टेडियम, दुसरे आशियाई खेळ. मेरी डिसोझा, स्टेफी डिसोझा, व्हायोलेट पीटर्स आणि ख्रिस्टीन ब्राउन या चौघींनी ४ गुणिले १०० मीटर रिले ४९.५ सेकंदांत जिंकली. आशियाई खेळांमधलं भारतीय स्त्रियांचं ते पहिलं सुवर्णपदक. त्यानंतर सोळा वर्षांनी, १९७०मध्ये बँकॉकला, कमलजीत संधूनं ४०० मीटर जिंकली आणि एकटीच्या शर्यतीत सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री ठरली. स्पर्धापरीक्षेच्या पुस्तकांत कमलजीतचं नाव असतं, आणि ते असायलाच हवं. पण तिच्या आधीच्या चौघींची नावं मला एकाही शालेय पुस्तकात सापडली नाहीत.

४९.५ म्हणजे एकेकीच्या वाट्याला सुमारे १२.४ सेकंद. आकडा नीट समजायचा तर तेव्हाचं मैदान डोळ्यांसमोर आणावं लागतं. आजचा लाल रबरी ट्रॅक तेव्हा नव्हता. कोळशाची राख आणि भुकटी दाबून केलेल्या सिंडर ट्रॅकवर धावायचं. पाऊस पडला की तो चिकट व्हायचा आणि उन्हात वाळला की पायाखालून निसटायचा. चामड्याचे बूट, खाली लांब खिळे. वेळ हातातल्या घड्याळावर मोजायची, तीही सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंतच. आणि रिलेचा नियम आजच्यापेक्षा कडक होता. बॅटन फक्त २० मीटरच्या पट्ट्यात हातात पडायला हवी, आणि घेणारीनंही त्याच पट्ट्यातून धावायला सुरुवात करायची. पट्ट्याच्या मागे १० मीटर जास्तीची धाव घ्यायची सोय १९६३नंतर आली. आता तर अख्ख्या ३० मीटरांत बॅटन देता येते. म्हणजे या चौघींना वेग पकडायलाही तेवढीच जागा आणि बॅटन द्यायलाही तेवढीच.

जगाच्या हिशेबात आपण कुठे होतो हेही सांगायला हवं. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची रिले १९२८ साली अ‍ॅमस्टरडॅमला सुरू झाली आणि कॅनडाच्या मुलींनी ती ४८.४ सेकंदांत जिंकली. १९४८मध्ये लंडनला नेदरलँड्सनं ४७.५ची वेळ दिली. त्या संघात फॅनी ब्लँकर्स-कून होती, तीस वर्षांची, दोन मुलांची आई, एका ऑलिंपिकमध्ये चार सुवर्णपदकं घेणारी. १९५२मध्ये हेलसिंकीला अमेरिकेनं ४५.९मध्ये जागतिक विक्रम केला. तेव्हा मनिलाची वेळ जगात पहिल्या रांगेतली नव्हती. आशियात मात्र ती सर्वांत पुढची होती. ज्या देशात मुलींसाठी एकही सरकारी प्रशिक्षण केंद्र नव्हतं, त्या देशाच्या चार मुलींनी ती दिली होती.

*

या चौघींपैकी मेरीकडे मी जास्त ओढली गेले, कारण गोष्ट तिच्यापासून सुरू होते. मेरी डिसोझाचा जन्म १९३१चा, मुंबईतल्या वांद्र्याचा. लग्नानंतर ती मेरी डिसोझा-सिक्वेरा झाली. धावणं आणि हॉकी हे दोन्ही खेळ ती जोडीनं खेळायची.

मार्च १९५१मध्ये दिल्लीला पहिले आशियाई खेळ झाले. अकरा देश आले होते. स्त्रियांसाठी फक्त अॅथलेटिक्स होतं, बाकी सगळे खेळ पुरुषांचे. त्या खेळांत मुंबई वेगवान ठरली. पुरुषांत लेव्ही पिंटो या मुंबईच्याच तरुणानं १०० आणि २०० मीटर या दोन्ही शर्यती जिंकल्या. स्त्रियांत मुंबईच्या पारशी घरातल्या रोशन मिस्त्रीनं १०० मीटरमध्ये रौप्य घेतलं. मेरीनं २०० मीटरमध्ये कांस्य घेतलं. मग रोशन, मेरी, पॅट मेंडोन्सा आणि बानू या चौघींनी रिलेत रौप्य मिळवलं. सुवर्ण जपानकडे गेलं.

रोशन, बानू, पॅट, मेरी. तीन वर्षांनी मेरी, स्टेफी, व्हायोलेट, ख्रिस्टीन. ही नावं वाचताना मी थबकले. पारशी, ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन. यात एकही गोखले, पवार, जाधव, कुलकर्णी नाही. आमच्या मराठी घरांत मुलींना पळता येत नव्हतं असं थोडंच आहे! लंगडी, खो-खो, फुगड्या यांत आमच्या आया-आज्यांची पिढी कुणाला हार जाणारी नव्हती. खो-खोचे नियम तर पुण्याला डेक्कन जिमखान्यात बांधले गेले. पण माझी आई सांगायची, की अंगावर लुगडं आलं त्या दिवसापासून तिनं अंगणाबाहेर धाव घेतली नाही. मुलगी उघड्या मैदानात, परक्या पुरुषांसमोर, गुडघ्यावरच्या चड्डीत धावेल ही कल्पनाच आमच्या घरांना झेपणारी नव्हती. वांद्र्याच्या ख्रिस्ती घरांत, मुंबईच्या पारशी घरांत, ठिकठिकाणच्या अँग्लो-इंडियन वस्त्यांत फ्रॉक घातलेल्या मुलीनं हॉकीची काठी घेऊन बाहेर पडणं कुणाला खुपत नव्हतं. कॉन्व्हेंट शाळांत मुलींचे वार्षिक खेळ रीतसर होत. देशातल्या स्त्रियांच्या अॅथलेटिक्सची पहिली पिढी या छोट्या समाजांनी दिली, हे आपण मोकळेपणानं मान्य करायला हवं. मला वाटतं, नावं विसरली जाण्याचं एक कारण तिथेही आहे. आपल्या घरातली वाटली नाहीत, म्हणून ती आपण जपली नाहीत.

याच महाराष्ट्रातून पुरुष धावपटू कितीतरी आधी जगात गेले होते, ही आठवणही इथे हवी. १९२०च्या अँटवर्प ऑलिंपिकला जो संघ गेला त्याची सुरुवात डेक्कन जिमखान्याच्या मैदानावरून झाली. दोराबजी टाटांनी त्याला हात दिला. बेळगावचे फडेप्पा चौगुले आणि सदाशिव दातार हे लांब पल्ल्याचे धावपटू त्या संघात होते. पुरुषांचं पहिलं पाऊल १९२०चं. धावणाऱ्या स्त्रियांना त्या दारापर्यंत पोचायला आणखी बत्तीस वर्षं लागली.

*

१९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकला स्वतंत्र भारताच्या पहिल्या चार स्त्रिया गेल्या. धावायला नीलिमा घोष आणि मेरी डिसोझा, पोहायला डॉली नझीर आणि आरती साहा. आरती तेव्हा बारा वर्षांचीही नव्हती. नीलिमा सतरा वर्षांची. मेरी विशी-एकविशीतली, चौघींत थोरली म्हणावी अशी.

मराठी वाचकाला हेलसिंकी म्हटलं की कुस्तीगीर खाशाबा जाधव आठवतात, आणि त्यांच्या मागे गहाण पडलेलं घर आठवतं. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहतं घर सात हजार रुपयांना गहाण टाकून आपल्या विद्यार्थ्याला ऑलिंपिकला धाडलं, ही गोष्ट आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. सांगितली जाते म्हणूनच ती जिवंत आहे. त्याच वर्षी, त्याच खेळांसाठी, वांद्र्यातही असंच काही चाललं होतं. मेरीची निवड झाली, पण प्रवासाला पैसे नव्हते. तेव्हा तिच्या मित्रमंडळींनी आणि शेजाऱ्यांनी नाचाचा कार्यक्रम ठेवला, पत्त्यांच्या डावांचा कार्यक्रम ठेवला आणि त्यातून निधी उभा केला. कोल्हापुरात घर गहाण पडलं, वांद्र्यात तिकिटं खपवली गेली. दोन्हीकडे माणसांनी खिशात हात घातला तेव्हाच भारताचा झेंडा तिकडे पोचला. पण कोल्हापूरची गोष्ट लहान मुलालाही ठाऊक आहे, आणि वांद्र्याची गोष्ट मी वयाची पन्नाशी उलटल्यावर वाचली. याचं मला मनापासून दुःख होतं.

हेलसिंकीला मेरी १०० आणि २०० मीटर धावली. दोन्हींत पहिल्या फेरीच्या पुढे जाता आलं नाही. स्त्रियांची २०० मीटर शर्यत ऑलिंपिकमध्ये तेव्हा दुसऱ्यांदाच होत होती, ती १९४८मध्ये सुरू झाली होती. नीलिमा आणि मेरी १०० मीटरच्या प्राथमिक फेरीत एकाच दिवशी उतरल्या. नीलिमाची फेरी आधी लागली, म्हणून स्वतंत्र भारताकडून ऑलिंपिकमध्ये उतरलेली पहिली स्त्री म्हणून तिचं नाव नोंदलं गेलं. मेरीची फेरी नंतरची. ‘पहिली’ हा मान कुणाच्या पदरात पडावा हे त्या दिवशी फक्त फेऱ्यांच्या क्रमानं ठरलं. या हिशेबात कुणावर अन्याय झाला असं मला म्हणायचं नाही. दोघींचं नाव एका श्वासात घेतलं तर बरोबर होईल, एवढंच.

पुढच्याच वर्षी, १९५३मध्ये, मेरी हॉकीची काठी घेऊन इंग्लंडला गेली. फोकस्टोनला स्त्रियांच्या हॉकीची आंतरराष्ट्रीय स्पर्धा होती आणि भारताचा संघ तिथे खेळला. देशाकडून दोन वेगवेगळ्या खेळांत उतरणारी ती पहिली भारतीय स्त्री, असं तिच्याबद्दल सांगतात. हॉकीतली धाव आणि शंभर मीटरची धाव वेगळी असते हे खेळ शिकवणाऱ्या माणसाला चटकन कळतं. हॉकीत पाठ वाकवून, बाजूला वळत, थांबत, पुन्हा उसळत धावायचं. शंभर मीटरला सरळ रेषेत, ताठ कण्यानं, एका दमात. एका शरीराला दोन्ही सवयी लावणं कठीण. आजचे प्रशिक्षक खेळाडूला हे करू देणार नाहीत, आणि त्यांचंही बरोबर आहे. पण रिलेच्या संघात हॉकीची मुलगी असावी असं मी माझ्या अनुभवावरून सांगते. तिला सोबतीणीच्या पावलांचा अंदाज लागतो. चेंडू पास करायची सवय असल्यामुळे आपलं काम दुसरीच्या हातात पोचेपर्यंत संपलेलं नाही, हे तिला वेगळं सांगावं लागत नाही.

पुढे मनिला. १९५१च्या आणि १९५४च्या, दोन्ही रिले संघांत असलेली मेरी ही एकटीच. बाकी तिघी बदलल्या. दिल्लीत जपाननं नेलेलं सुवर्ण तीन वर्षांनी भारताकडे आलं, तेव्हा ती हार आणि ही जीत, दोन्ही पायांनी अनुभवलेली चौघींत एकच मुलगी होती. खेळाच्या दृष्टीनं मला ही गोष्ट पदकाइतकीच मोलाची वाटते. कसलेली एक मुलगी संघात असली की बाकीच्या तिघींचे हात थरथरत नाहीत. हे मी गल्लीतल्या स्पर्धांत पाहिलं आहे. मनिलाला तसंच काही झालं असणार.

चौघींतली स्टेफी डिसोझा वयानं लहान होती आणि तिची कारकीर्द सर्वांत लांब चालली. १९५८मध्ये तोक्योच्या आशियाई खेळांत तिनं २०० मीटरचं रौप्य घेतलं. तीही हॉकी खेळायची, आणि देशाकडून खेळली. १९६४मध्ये तोक्यो ऑलिंपिकला स्त्रियांची ४०० मीटर शर्यत पहिल्यांदा घेतली गेली, त्यात स्टेफी धावली. मनिलाच्या विजयानंतर दहा वर्षांनी! व्हायोलेट पीटर्स आणि ख्रिस्टीन ब्राउन यांच्याबद्दल मात्र निकालाच्या तक्त्यांपलीकडे फार थोडं वाचायला मिळतं, आणि ते मला सारखं टोचत राहतं. चौघींनी मिळून घेतलेल्या पदकात दोघींच्या वाट्याला नुसती नावं यावीत?

*

आता आमच्या ग्वाल्हेरकडे येते.

फुलबागेत राणी लक्ष्मीबाईंची समाधी आहे. १८५८च्या जूनमध्ये इथेच लढताना त्या पडल्या. माहेरच्या त्या तांबे, म्हणजे मराठीच. १८५७ला शंभर वर्षं झाली तेव्हा, ऑगस्ट १९५७मध्ये, केंद्र सरकारनं त्यांच्या नावानं ग्वाल्हेरला शारीरिक शिक्षणाचं कॉलेज काढलं. शारीरिक शिक्षणात तीन वर्षांची पदवी देणारं देशातलं ते पहिलं कॉलेज. सुरुवातीला ते उज्जैनच्या विक्रम विद्यापीठाला जोडलेलं होतं, १९६४पासून आमच्या जिवाजी विद्यापीठाला, आणि १९९५मध्ये त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. देशभरच्या शाळांत खेळाचे सर आणि खेळाच्या बाई म्हणून जी माणसं गेली, त्यांतली कितीतरी इथून घडून गेली.

या कॉलेजचे पहिले प्राचार्य पी. एम. जोसेफ. ते आले मुंबईहून. कांदिवलीला मुंबई सरकारनं १९३८ साली शारीरिक शिक्षणाची संस्था काढली होती, तिथे ते प्राचार्य होते. ही संस्था निघाली ती स्वामी कुवलयानंदांच्या समितीनं केलेल्या शिफारशीवरून. कांदिवली हे तेव्हा वांद्र्याहून आठवं स्टेशन. मेरी वांद्र्यात धावत होती त्या काळात त्याच लोकलच्या लाइनवर शिक्षकांना धावणं शिकवायला शिकवणारी संस्था चालू होती. त्या संस्थेचं काम शाळांसाठी शिक्षक तयार करण्याचं होतं, देशाच्या संघातल्या मुलींना तयार करण्याचं नव्हतं. ते काम करणारी जागाच तेव्हा देशात कुठे नव्हती. पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था १९६१मध्ये सुरू झाली. म्हणजे मनिलाच्या चौघी सुवर्ण घेऊन परतल्या त्याच्या तीन वर्षांनंतर ग्वाल्हेर आणि सात वर्षांनंतर पतियाळा.

माझं म्हणणं इथे स्पष्टच मांडते. रिलेत देणारी आणि घेणारी या दोघी काही पावलं एकाच वेळी एकाच वेगानं धावतात, तरच बॅटन हातात जाते. मेरीच्या पिढीनं बॅटन आणून उभी केली तेव्हा घ्यायला पुढे कुणी नव्हतं. संस्था आल्या तोवर त्या पिढीचं धावणं जवळपास संपलेलं होतं. त्यांना काय येत होतं, कशा सराव करायच्या, बदल कसे साधायच्या, खुणा कुठे करायच्या, यांतलं काहीच कुणी लिहून घेतलं नाही. म्हणून पुढच्या पिढीला शून्यापासून सुरुवात करावी लागली. १९५४च्या त्या रिलेसुवर्णानंतर पुढचं मोठं रिलेसुवर्ण आठवताना आमच्या पिढीला थेट १९८६ आठवतं, ते यामुळे.

मानसन्मानाचंही असंच झालं. अर्जुन पुरस्कार सुरू झाला १९६१मध्ये. स्टेफी तेव्हा धावत होती, तिला तो १९६३मध्ये मिळाला. मेरीची पदकं १९५१ची आणि १९५४ची. तेव्हा पुरस्कारच नव्हता, आणि पुरस्कार आला तेव्हा ती मैदानात नव्हती. यात कुणा एकाला दोष देता येत नाही, सालांचा मेळच बसला नाही. पण चूक लक्षात येऊन दुरुस्त व्हायला इतकी वर्षं लागावीत हे पटत नाही. जन्मभराच्या कामगिरीसाठी ध्यानचंद पुरस्कार २००२मध्ये सुरू झाला, आणि मेरी सिक्वेरांना तो मिळाला २०१३मध्ये. मनिलाला एकोणसाठ वर्षं होऊन गेली होती. त्या ऐंशी ओलांडलेल्या होत्या आणि अमेरिकेत राहायला गेल्या होत्या.

पुरस्काराचं नाव ध्यानचंद, आणि ध्यानचंदांचे धाकटे भाऊ कॅप्टन रूपसिंग आमचे. शिंद्यांच्या ग्वाल्हेर फौजेत ते होते, १९३२ आणि १९३६च्या सुवर्णविजेत्या हॉकी संघांत खेळले. त्यांच्या नावाचं मैदान गावात आहे. मराठी वाचकाला ते वेगळ्या कारणानं आठवेल, कारण २४ फेब्रुवारी २०१० रोजी सचिननं एकदिवसीय क्रिकेटमधलं पुरुषांचं पहिलं द्विशतक तिथेच केलं. पण ते मैदान मुळात हॉकीचं. आणि आता गावातल्या कंपू भागात मध्य प्रदेश सरकारची मुलींची हॉकी अकादमी आहे, २००६पासून. मी कधी सकाळी तिकडून जाते तेव्हा निळ्या टर्फवर मुली पाणी उडवत धावताना दिसतात. राहणं, खाणं, शिक्षण, प्रशिक्षक, सगळं सरकारचं. मला प्रत्येक वेळी वाटतं, १९५३मध्ये फोकस्टोनला गेलेल्या त्या वांद्र्याच्या मुलीला एकदा इथे आणून उभं करायला हवं होतं.

*

रिलेची पुढची गोष्ट वाचकांना बरीचशी ठाऊक आहे. १९८४मध्ये लॉस एंजलिसला उषा, शायनी, वल्सम्मा आणि वंदना राव ४ गुणिले ४०० मीटरच्या अंतिम शर्यतीत पोचल्या आणि सातव्या आल्या. दोन वर्षांनी सेऊलचं सुवर्ण. मग २००२पासून २०१८पर्यंत सलग पाच आशियाई खेळांत भारतीय मुलींनी ही शर्यत जिंकली. २०२३मध्ये हांगझोऊला रौप्य मिळालं, त्या संघात मुंबईची ऐश्वर्या मिश्रा होती. छोट्या रिलेत, म्हणजे मनिलाच्या चौघींच्या शर्यतीत, भारतीय मुलींनी २०२१मध्ये पतियाळाला ४३.३७ सेकंदांची वेळ दिली. ४९.५पासून ४३.३७पर्यंत, सहा सेकंदांहून थोडं जास्त, आणि त्याला सदुसष्ट वर्षं लागली.

माझ्या शाळेच्या संघाचं काय झालं हेही सांगून टाकते. जिल्ह्याच्या स्पर्धेत आमची तिसरी मुलगी खुणेच्या आधीच सुटली, बॅटन पट्ट्याबाहेर बदलली गेली आणि संघ बाद झाला. दुसऱ्या वर्षी आम्ही दुसऱ्या आलो. साहित्याच्या खोलीच्या भिंतीवर खडूनं मी दोन ओळींत नावं लिहिली होती. वर मेरी, स्टेफी, व्हायोलेट, ख्रिस्टीन, १९५४. खाली आमच्या चौघी. पुढे भिंतीला रंग दिला गेला तेव्हा ती नावं पुसली. नव्या रंगावर मी ती पुन्हा लिहिली.

व्हायोलेट आणि ख्रिस्टीन यांच्याबद्दल, पॅट आणि बानू यांच्याबद्दल, त्या काळात मुंबईत, पुण्यात, जबलपूरला, नागपूरला, इंदूरला, रेल्वेच्या वसाहतींत धावलेल्या मुलींबद्दल अजूनही घराघरांत काहीतरी असणार. ट्रंकेच्या तळाशी एखादं प्रशस्तिपत्र, फ्रॉक आणि खिळ्यांचे बूट घालून उभ्या असलेल्या चार मुलींचा पिवळा पडलेला फोटो, काळवंडलेलं पदक. तुमच्या आजीचं, आत्याचं, शेजारच्या बाईंचं. ते फेकू नका. ज्यांना ठाऊक आहे ती माणसं आहेत तोवर त्यांना विचारा, आणि फोटोच्या मागे पेन्सिलीनं प्रत्येकीचं नाव, गाव आणि साल लिहून ठेवा.